थांबणे हेही कामच



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला तो संपतो, हे आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. एरवी गावोगावी चारिका करणारा भिक्खुसंघ हे तीन महिने एका जागी राहतो. ध्यान, अध्ययन, आपसांतील चर्चा आणि स्वतःच्या आचरणाची तपासणी यांत तो काळ जातो. आपल्या विहारांतून या दिवसांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तीन महिने भिक्खू चालत नाहीत म्हणून धम्माचे काम बंद पडले, असे कोणी म्हणत नाही. पुढच्या चारिकेची शिदोरी याच काळात बांधली जाते, हे आपण जाणतो.

हे आज आठवण्याचे कारण विज्ञानातले आहे. जगातील दोन हजारांहून अधिक शास्त्रज्ञ गेली दहा वर्षे एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत आहेत. आपली यंत्रे किती दिवस चालवायची, आणि किती दिवस बंद ठेवून सुधारायची? ही यंत्रे म्हणजे गुरुत्वीय लहरींचे शोधक होत. असाच एक शोधक आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे व्हायचा आहे. तेव्हा हा हिशेब आपल्या घरातही समजायला हवा, असे आम्हांस वाटते.

आधी यंत्राविषयी थोडे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एक होतात, तेव्हा अवकाशालाच कंप सुटतो. तळ्यात दगड पडला की लाटा पसरतात, तसा हा कंप विश्वभर पसरतो. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये हे गणिताने सांगितले होते. परंतु या लहरी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत कमालीच्या क्षीण होतात. त्या टिपण्यासाठी अमेरिकेत ‘लायगो’ नावाचे दोन शोधक उभारले गेले. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे, दुसरा तेथून तीन हजार किलोमीटरवर लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टन येथे. प्रत्येकाला काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब. त्यांतील हवा काढून घेतलेल्या नळीतून लेसरचा किरण जातो आणि टोकाच्या आरशावर आपटून परत येतो. आरसा ४० किलो वजनाचा, काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेला. लहर आली की भुजेची लांबी बदलते, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतके टिपायचे म्हटल्यावर दूरच्या रस्त्यावरील मालमोटार, समुद्राच्या लाटा, वारा, सारेच यंत्राच्या कानात गोंगाट करतात. इटलीत पिसा शहराजवळ ‘व्हर्गो’ आणि जपानात कामिओका येथे डोंगराच्या पोटात ‘काग्रा’ असे आणखी दोन मोठे शोधक आहेत. त्यांच्या भुजा ३ किलोमीटरच्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चालू यंत्र बंद कशासाठी करायचे? कृष्णविवरे आपल्या सोयीने आदळत नाहीत. यंत्र बंद असताना जी लहर येऊन गेली ती गेली. ती परत यायची नाही. मग बंद ठेवणे म्हणजे नुकसानच नव्हे काय?

याचे उत्तर शाळेतील गणितात आहे. शोधकाचा पल्ला दुप्पट झाला, तर त्याला ऐकू येणारे अवकाश दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण अवकाश लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना वाढते. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. पल्ला केवळ सव्वापट झाला, तरी अवकाश जवळजवळ दुप्पट होते. समजुतीसाठी एक उदाहरण घ्या. एक यंत्र वर्षाला शंभर घटना ऐकते. ते न थांबता तीन वर्षे चालवले, तर तीनशे घटना मिळतील. तेच यंत्र एक वर्ष बंद ठेवून त्याचा पल्ला सव्वापट केला, तर उरलेल्या दोन वर्षांत जवळजवळ चारशे मिळतील. एक वर्ष गमावले आणि तरी कमाई वाढली.

हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्याला धीर लागतो. लायगोची पहिली यंत्रे २००२ पासून २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने चालली. आठ वर्षांत एकही लहर सापडली नाही. लोक विचारू लागले की एवढा पैसा ओतून हाती काय आले? अशा वेळी २०१० मध्ये त्या शास्त्रज्ञांनी यंत्रे बंद केली, आतील भाग उतरवला आणि नवे भाग बसवायला घेतले. आरसे नवे, ते टांगण्याची रचना नवी, लेसर नवा. या कामात जवळजवळ पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत दाखवण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. मात्र २०१५ मध्ये यंत्रे पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांचा पल्ला आधीच्या किमान तिप्पट होता. म्हणजे अवकाश सत्तावीसपट. आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अधिकृत निरीक्षण सुरू व्हायला काही दिवस बाकी असताना, चाचण्या चालू असतानाच पहिली लहर आली. १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एक झाल्याची ती खूण होती. राइनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कामासाठी.

तेव्हापासून काम ठरलेल्या पर्वांत चालते. काही महिने ऐकायचे, मग थांबून सुधारायचे, मग पुन्हा ऐकायचे. पहिले पर्व जानेवारी २०१६ मध्ये संपले. त्यात ३ घटना मिळाल्या. दुसरे नोव्हेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ चालले, त्यात ८. मग दीड वर्षाहून अधिक काळ यंत्रे सुधारणांसाठी थांबली. प्रकाशाच्या स्वतःच्याच अनियमितपणामुळे जो सूक्ष्म गोंगाट होतो, तो दाबण्याची युक्ती या काळात बसवली गेली. तिसरे पर्व एप्रिल २०१९ ते मार्च २०२० चालले आणि त्यात ७९ घटना मिळाल्या. पुन्हा तीन वर्षे थांबले. चौथे पर्व २४ मे २०२३ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या जानेवारी २०२४ पर्यंतच्या केवळ पहिल्या भागात १२८ घटना मिळाल्या. तीन, आठ, एकोणऐंशी, एकशे अठ्ठावीस. प्रत्येक वेळी मध्ये थांबलेला काळ आहे.

या थांबण्याचे सर्वांत बोलके फळ १४ जानेवारी २०२५ रोजी मिळाले. त्या दिवशी आलेली लहर जवळजवळ २०१५ च्या पहिल्या लहरीसारखीच होती. कृष्णविवरे तेवढ्याच वजनाची, अंतरही तेवढेच. पण या वेळी ती तिपटीहून अधिक स्पष्ट ऐकू आली. आकाश तेच होते, कान सुधारले होते. त्या स्पष्टपणामुळे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेला एक सिद्धांत पारखता आला. दोन कृष्णविवरे एक झाली, तर नव्या कृष्णविवराचे पृष्ठफळ आधीच्या दोघांच्या बेरजेहून कमी होऊ शकत नाही, असा तो सिद्धांत. आधीच्या दोघांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून लहान. एक झाल्यावर ते सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भरले, म्हणजे महाराष्ट्राहून मोठे. सिद्धांत खरा ठरला.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सुधारतच राहावे, घाई कशाला? पण तेही चुकीचे ठरते, आणि याचाही पुरावा याच इतिहासात आहे. पहिली लहर आल्यावर शास्त्रज्ञांनी काय केले, पाहा. आणखी थोडे जुळवले तर यंत्र अधिक चांगले चालेल, हे त्यांना दिसत होते. तरीही त्यांनी यंत्राला हात लावायचा नाही असे ठरवले. जे ऐकले ते खरोखर लहरच आहे, योगायोगाने उठलेला गोंगाट नाही, हे सिद्ध करायला तेच यंत्र, त्याच जुळणीत, कित्येक दिवस चालायला हवे होते. सतत खुडबूड चालू राहिली असती, तर हाती आलेले सत्य सिद्धच करता आले नसते.

दुसरा दाखला व्हर्गोचा. व्हर्गोचे आरसे टांगण्यासाठी बसवलेले काचेचे तंतू वारंवार तुटत होते. कारण शोधून नवे तंतू बसवीपर्यंत थांबावे, तर दुसरे पर्व संपून जाणार. शेवटी त्यांनी साध्या पोलादी तारांवर आरसे टांगले आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी, पर्व संपायला चार आठवडेही उरले नसताना, आपले उणे यंत्र रांगेत उभे केले. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली. अशी घटना प्रथमच ऐकू येत होती. लायगोच्या दोन कानांवरून तिची दिशा १९० चौरस अंशांच्या पट्ट्यात असल्याचे कळत होते. व्हर्गोची नोंद जोडताच तो पट्टा २८ चौरस अंशांवर आला. त्यामुळे जगभरच्या दुर्बिणी नेमक्या जागी वळल्या आणि अकरा तासांच्या आत, १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत, त्या टकरीचा उजेड चिलीतील दुर्बिणीने टिपला. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, हे त्यावरून कळले. आपल्या आयाबहिणींच्या गळ्यातील सोन्याच्या मण्याचा पूर्वेतिहास कळला तो असा. त्यानंतर आठच दिवसांनी पर्व संपले. यंत्र पूर्ण निर्दोष होईपर्यंत व्हर्गोने वाट पाहिली असती, तर ही संधी हुकली असती. काचेचे तंतू त्यांनी पर्व संपल्यावर बसवले.

एकट्याने ऐकण्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. चौथे पर्व सुरू होऊन पाचच दिवस झाले होते. २९ मे २०२३ रोजी एक दुर्मीळ लहर आली. एक न्यूट्रॉन तारा आणि सूर्याच्या अडीच ते साडेचार पट वजनाची एक गूढ वस्तू यांच्या मीलनाची ती होती. त्या घटकेला ती टिपणारा कान एकच होता, लिव्हिंग्स्टनचा. हॅनफर्ड बंद होते, व्हर्गोची कामे पूर्ण झाली नव्हती, काग्राची क्षमता अजून पुरेशी नव्हती. लहर मिळाली, परंतु ती आकाशात कोठून आली हे सांगता आले नाही. म्हणूनच वेळापत्रक ठरवताना सर्व देशांच्या गटांना एकत्र बसावे लागते. कोण केव्हा थांबणार, कोण केव्हा ऐकणार, हे एकमेकांना विचारून ठरते. मोठी यंत्रे कामासाठी बंद असतात, त्या काळात जर्मनीत हॅनोव्हरजवळचा लहानसा शोधक, ज्याच्या भुजा केवळ ६०० मीटर आहेत, पहाऱ्याला जागा राहत आला आहे. आपल्याच आकाशगंगेत एखादा तारा फुटला, तर निदान कोणीतरी जागे असावे, एवढाच त्यामागचा विचार. त्या लहान यंत्राचे नाव मोठ्या बातम्यांत येत नाही. पण घराला असा माणूस लागतोच.

आणि पर्व चालू असतानाही लायगोच्या केंद्रांवर मंगळवारची सकाळ देखभालीसाठी राखून ठेवलेली असते. आठवड्यातील ते काही तास ऐकणे बंद. पंप तपासायचे, सैल झालेले घट्ट करायचे. ते तास वाया गेले असे तेथे कोणी मानत नाही.

ठरवलेल्या तारखा नेहमी पाळल्या जातात असेही नाही. तिसरे पर्व एप्रिल २०२० अखेर संपायचे होते, ते करोनाच्या साथीमुळे महिनाभर आधीच थांबवावे लागले. चौथे पर्व आधी डिसेंबर २०२२ मध्ये, मग मार्च २०२३ मध्ये सुरू करायचे ठरले होते, ते मे महिन्यावर गेले. व्हर्गो त्यात एप्रिल २०२४ मध्ये येऊन मिळाला. जपानात १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला, काग्राचे नुकसान झाले, आणि तो जून २०२५ मध्ये पुन्हा ऐकायला बसला. तारीख चुकली म्हणून कोणी काम सोडले नाही. नवी तारीख ठरवली आणि ती जगाला सांगितली. चौथे पर्व १८ नोव्हेंबर २०२५ रोजी संपले. पाचव्या पर्वाआधी आणखी मोठ्या सुधारणा योजलेल्या आहेत.

यात आपले स्थान कोठे? पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारासच गोंगाटातून लहरीचा क्षीण संकेत वेचून काढण्याच्या गणितावर काम करीत होते. लायगोसारखे यंत्र त्या वेळी जगात कोठेच तयार नव्हते. ऐकायला काही नसताना ऐकण्याची तयारी त्यांनी केली. औंढा नागनाथच्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. हा शोधक झाला की लहरीची दिशा अधिक नेमकी कळेल. शिवाय कानांची संख्या वाढली की एकाला निश्चिंतपणे थांबता येईल, कारण ऐकायला इतर असतील. हिंगोली, परभणी, नांदेडच्या वस्त्यांमधून आज जी मुले-मुली आठवी-नववीत आहेत, त्यांनी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांकडे आतापासून वळावे. यंत्र दाराशी आले आणि आपण बाहेर उभे राहिलो, असे होऊ नये.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातही हा हिशेब आम्हांस दिसतो. १९२० साल आठवा. जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. चळवळ उभी राहत होती, समाज डोळे लावून बसला होता. अशा ऐन भरात, जुलै १९२० मध्ये, बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. स्वतः साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, एवढ्या बळावर ते गेले. या थांबण्याची किंमत मोजावी लागली. ‘मूकनायक’ त्यांच्यामागे तग धरू शकले नाही, १९२३ मध्ये ते बंद पडले. घरी माता रमाईंनी अपार कष्टांत संसार सांभाळला. पण १९२३ मध्ये परतले ते बॅरिस्टर बाबासाहेब, आणि डी.एस्सी. ही पदवीही त्यांना त्याच वर्षी मिळाली. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्यांचा पल्ला किती पट वाढला होता, हे आपण आज जगून पाहत आहोत. आणि मागे पहाऱ्याला कोण जागे होते, तेही आपण विसरता कामा नये.

आता आपल्या घराकडे पाहू. नोकरीला लागलेली सून बी.एड. करीन म्हणते, तर ‘आता कशाला?’ असे उत्तर मिळते. पंचावन्न वर्षांची आई गुडघ्याचे दुखणे अंगावर काढते, कारण ती दवाखान्यात गेली तर स्वयंपाक कोण करणार? मंगळवारची ती सकाळ आपल्या घरातल्या बाईला कधी मिळते काय? यंत्राला मिळते, तिला मिळत नाही. दुसरीकडे, स्पर्धा परीक्षेसाठी एकामागून एक वर्षे घरी बसणारा मुलगाही आहे. त्याच्या थांबण्याला तारीख नाही, आणि या वर्षात आपले काय वाढणार, याचा हिशेबही नाही. पहिल्या दोघींना थांबू द्यायला हवे. तिसऱ्याला प्रेमाने सांगायला हवे की, बाळा, पोलादी तारेवर का होईना, पण आता रांगेत उभा राहा. काचेचा तंतू पुढच्या वेळी बसवू.

येत्या पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. यंदा घरातील कोणी थांबायचे, किती महिने, कशासाठी, आणि तोवर तिचे वा त्याचे काम कोण पाहणार, हे कागदावर लिहावे. तारीख घालावी. कागद भिंतीवर लावावा. आणि त्या कागदावर पहिले नाव घरातील बाईचे असावे, एवढा आमचा आग्रह आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!